कुंभार्लीचा चढ

इंजिनच्या गरमीचा काटा तांबड्यात शिरलाय हे मला कळलं ते सदू ड्रायव्हरच्या मानेवरून. माझ्या जागेवरून काटा दिसत नव्हता. मी मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी, मांडीवर समईची पिशवी घेऊन बसलेली. पण पोफळी सोडेपर्यंत जी मान सैल होती, टेपवरच्या गाण्याबरोबर डुलत होती, ती घाटाच्या पहिल्याच वळणानंतर ताठ झाली आणि त्याने टेप बंद केला. चालू गाणं माणूस मध्येच बंद करतो तेव्हा त्याला दुसरं काहीतरी ऐकायचं असतं. मीही कान दिले. इंजिन कण्हत होतं.

"काय रे सदू?" त्याच्या शेजारी बसलेल्या बापूमामांनी विचारलं.

"काय न्हाय. जरा गरम झालीया."

बापूमामा म्हणजे नवऱ्या मुलाचे सख्खे मामा. त्यांनी सावकाश मान वळवून मागे पाहिलं. माझ्याकडे नाही, उजव्या खिडकीशी बसलेल्या भाच्याकडेही नाही. आमच्या दोघांच्या मधे मुंडावळ्या बांधून, मान खाली घालून बसलेल्या वैजयंताकडे. एकदाच पाहिलं आणि पुन्हा तोंड पुढे केलं. मे महिन्याच्या त्या उकाड्यातही मी तिला माझ्याजवळ ओढून घेतलं.

का घेतलं ते सांगते. वैजयंता माझ्या भावाची मुलगी. आम्ही तिला वैजू म्हणतो. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरचं एक बाईमाणूस तिच्या सोबतीला जातं, तिकडे चार दिवस राहतं, तिला रुळवतं आणि परत येतं. तिला पाठराखीण म्हणतात. एरवी एखाद्या धाकट्या बहिणीला धाडतात, तेवढीच तिची हौस होते. वैजूच्या वेळी माझा भाऊ हौसेचं नाव न काढता सरळ माझ्याकडे आला. म्हणाला, तू जा, तुला माणसं वाचता येतात. भावाने केलेली तेवढीच एक स्तुती मी आजवर जपून ठेवली आहे. तीही त्याने स्वतःच्या गरजेला केली होती.

गरज होती, कारण वैजूचं लग्न त्याआधी एकदा ठरून मोडलं होतं. साखरपुडा झाला आणि महिना उलटायच्या आत त्या मुलाचे वडील विहिरीवर गेले ते खांद्यावरूनच घरी आले. हृदयविकार. डॉक्टरने तसं लिहूनही दिलं. पण आमच्या गावात डॉक्टरचं अक्षर कोण वाचतो? मुलीचा पायगुण बरा नाही, असं एकाने म्हटलं, दुसऱ्याने मान हलवली, आणि पुढची स्थळं पायरीवरूनच परत जायला लागली. पाटणचे हे लोक आले तेव्हा आम्ही काही लपवलं नाही. मुलाचे वडील, तात्या, सगळं ऐकून म्हणाले की माणूस छातीच्या दुखण्याने गेला, त्यात पोरीच्या पायाचा काय संबंध. बापूमामा तेव्हा शेजारीच बसले होते. ते फक्त म्हणाले, "बघू." आणि आमच्या दारातून निघाल्यापासून ते बघतच होते.

त्यांची बहीण म्हणजे वैजूची सासू, ताराक्का. ती लग्नाला आली नव्हती. आई मुलाच्या लग्नाला जात नाही अशी त्यांच्यात रीत. ती दारात उभी राहून सुनेची वाट बघणार होती. भाऊ सांगेल ती तिची पूर्वदिशा, हे मी बैठकीच्या वेळीच हेरलं होतं. म्हणजे घाटाच्या खालून वरपर्यंत जे काही होईल, ते बापूमामांच्या तोंडून ताराक्काच्या कानात जाणार होतं, आणि तिथे जे जाईल ते वैजूला आयुष्यभर त्या घरात पुरणार होतं. वऱ्हाडाची बस तात्यांना घेऊन केव्हाच पुढे गेली होती. आम्ही कुलदेवतेच्या पाया पडून मागून निघालो होतो. रस्त्यावर आम्ही पाचच जण, आणि त्या पाचांत बघणारे एक.

सदूने हीटर लावला.

ज्यांना गाडीतलं कळतं त्यांना यात नवल वाटणार नाही. इंजिनची गरमी आत ओढून घेतली की इंजिनला तेवढाच उतारा पडतो, असं त्याने सांगितलं. पण मे महिन्याची दुपार, वैजूच्या अंगावर शालू, वर शेला, वर हार, आणि त्यात पायाशी भट्टीसारखा वारा. तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळायला लागलं. मी घाईने ते पदराने टिपलं. ओघळलेलं कुंकू त्या माणसाने बघायला नको होतं. नवरा मुलगा, प्रल्हाद, खिशातला रुमाल काढून हातात घेऊन बसला होता. द्यावा की न द्यावा हे त्याचं ठरत नव्हतं. माध्यमिक शाळेत गणित शिकवायचा तो. शेवटी त्याने तो रुमाल घडी करून परत खिशात ठेवला.

"गाडी थांबव," बापूमामा म्हणाले. "भाजून मारतोस काय आम्हाला?"

झऱ्याशी गाडी उभी राहिली. तिथे डोंगरातून पाण्याची बारीक धार येते, ट्रकवाले तिथेच थांबतात. सदूने बॉनेट उघडलं, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. नुसता उभा राहिला. मामांनी विचारलं तर म्हणाला, जरा निवू दे. चांगला वेळ गेल्यावर त्याने ओलं फडकं टाकून झाकण थोडं सैल केलं, वाफ सूंसूं करत जाऊ दिली, मग काढलं. गाडी चालू ठेवून हळूहळू पाणी ओतलं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर लोखंडाला चीर जाते, असं तो प्रल्हादला सांगत होता, आणि प्रल्हाद विद्यार्थ्यासारखा मान डोलवत होता. पंख्याचा पट्टा त्याने बोटाने दाबून पाहिला. चांगला ताणलेला होता. रबरी नळ्या चाचपल्या, कुठे गळत नव्हतं. पंखा फिरत होता.

"मग तापतीया कशानं?" मामा म्हणाले.

"तेच कळंना. थर्मास्टॅट, म्हंजी पाण्याची झडप, अडकली म्हणावं, तर ती मी कवाच काढून टाकलीया."

मामा तोवर गाडीच्या पुढे गेले होते. नवरीच्या गाडीची सजावट त्यांनी जातीने करून घेतली होती. पुढच्या जाळीवर झेंडूचे गच्च हार, मधे शेवंती, वर दोघांच्या नावांची थर्मोकोलची पाटी. त्यांनी एक फूल दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "फुलं बघा. आत्ता तोडल्यावाणी." सबंध प्रवासात त्यांचा चेहरा तेवढाच एकदा खुलला. फुलं कोमेजलेली गाडी दारात नेणं हा त्यांना अपशकुन वाटे, हे त्यांनी सकाळपासून दहा जणांना ऐकवलं होतं. झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी हारांवर शिंपडलं. मला मनात हसू आलं. सुनेला हा माणूस इतक्या मायेने कधी बघेल का, असंही वाटलं.

गाडी पुन्हा निघाली आणि हसू जिरलं. दोन वळणं झाली नाहीत तोवर सदूची मान परत ताठ. तिसऱ्या वळणावर बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ यायला लागली आणि एक गोडसर, जळका वास आत शिरला. उजवीकडे कडा, डावीकडे दरी, आणि दरी माझ्या खिडकीशी. खाली कोयनेच्या वीजघराकडे जाणाऱ्या तारा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसत होत्या. सदू गाडी कडेला घ्यायला गेला आणि इंजिन आपणहून बंद पडलं. त्याने हातब्रेक ओढला. गाडी थांबली. मग हळूच, पाय घसरल्यासारखी, मागे सरकली.

मी देवाचं नाव घेतलं की भावाचं, आठवत नाही. वैजूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली. प्रल्हाद दार उघडून बाहेर पडला. पडलाच म्हणायला हवा, धोतरात पाय अडकून तो आधी गुडघ्यावर गेला. कुठूनसा एक धोंडा ओढून त्याने मागच्या चाकाखाली सारला. गाडी धोंड्याला टेकली आणि थांबली. चाकापासून कठड्यापर्यंत माझ्या दोन पावलांइतकीही जागा उरली नव्हती, आणि कठडा म्हणजे चुना लावलेले चार दगड.

आम्ही सगळे उतरलो. बापूमामा बोलले.

"आत्याबाई, मी काय बोलत न्हाय. लग्नाआधी बोललो हुतो. आता बोलत न्हाय."

मी म्हटलं, "घाट आहे मामा. घाटात गाड्या तापतात."

"सकाळी हीच गाडी हाच घाट उतरून आली. तवा न्हाय तापली. तवा मोकळी हुती."

मोकळी म्हणजे नवरीशिवाय. वैजूने ते ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. रडली असती तर मी समजूत घातली असती. तिने फक्त पायातल्या जोडव्यांकडे पाहिलं, जणू त्यांनाच जाब विचारत होती. पहिलं लग्न मोडलं तेव्हापासून ही पोर पाय उचलताना विचार करायची. कोणाच्या घरी गेली तर उंबऱ्याबाहेर थांबायची, कोणी बोलावलं तरच आत यायची. तिचं वय होतं बावीस. आता हा माणूस तिला पुन्हा त्याच उंबऱ्यावर उभी करून ठेवणार होता, आणि या वेळी दार माहेरचं नव्हतं.

सदू कॅन घेऊन पाण्यासाठी खाली झऱ्याकडे निघाला. जाताना बजावून गेला की मी येईपर्यंत झाकणाला कोणी हात लावू नका. दोन-तीन ट्रक वर गेले. आम्ही हात केला, पण चढावर भरलेला ट्रक कोणासाठी थांबत नाही. एकाने हॉर्न मात्र वाजवला, नवरी बघून. उन्हं कलायला लागली. दिवेलागणीच्या आत नवरी घरात यायला हवी असा मुहूर्त काढलेला होता, आणि मामा कठड्यापाशी येरझाऱ्या घालत होते. दर फेरीला ते सूर्याकडे बघत, मग रस्त्याच्या खालच्या वळणाकडे, मग वैजूकडे.

शेवटी ते थांबले.

"प्रल्हाद, झाकण काढ."

"सदू म्हणाला..."

"सदूच्या नादानं ऱ्हायलो तर रात हुईल. आतली वाफ गेली की गाडी निवती. येवढं शिकलास, तुला एक झाकण फिरवता येत न्हाय? हे घे, टॉवेल घे."

प्रल्हादने एकदा खालच्या वळणाकडे पाहिलं. सदूचा पत्ता नव्हता. तो मुलगा मी तेव्हा पुरता वाचला. त्याला झाकण काढायचं नव्हतं. पण बायकोसमोर, आज पहिल्याच दिवशी, मामाने भित्रा ठरवलेलं त्याला नको होतं. असली माणसं इंजिनमुळे भाजत नाहीत, लाजेमुळे भाजतात. त्याने टॉवेल घेतला आणि वाकला. मामा त्याच्या खांद्याशी उभे राहिले, आत डोकावून.

"आत्या," वैजू माझ्या कानाशी म्हणाली, "कुकरचं झाकण असं काढतात का गं?"

मी तिचा हात दाबला. निघताना तिच्या आईने तिला, आणि मी तिला, शंभरदा सांगितलं होतं की घरात पाऊल पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विचारलं तरी मान हलवायची. मला वाटलं मीच काहीतरी बोलावं. पण पाठराखणीने वरपक्षाच्या मामाला टोकायचं, तेही अशा वेळी, म्हणजे उद्या त्याचं उट्टं वैजूवर निघणार. हे सगळं मी मनात मांडत होते, वजाबाकी करत होते, आणि तिकडे प्रल्हादने झाकणावर टॉवेल टाकून हात ठेवला. आतून एक आवाज आला. बारीक, दात ओठ खाल्ल्यासारखा. त्याचा चेहरा झाकणाच्या बरोबर वर होता.

"प्रल्हाद, हात काढ!"

मी आजवर कितीतरी आरोळ्या ऐकल्या आहेत. तशी ऐकली नाही. ती वैजूची आहे हे मला वळून पाहिल्यावर कळलं. तिच्या मुंडावळ्या एका बाजूला घसरल्या होत्या आणि ती माझ्या हातातून सुटून रस्त्याच्या मधोमध उभी होती.

प्रल्हाद दचकून मागे उडाला. त्याच क्षणी झाकण सुटलं. टॉवेलसकट वर गेलं, बॉनेटच्या पत्र्याला ठण्णकन आपटलं, आणि मागोमाग गंजाच्या रंगाचं उकळतं पाणी कारंज्यासारखं उसळलं. जिथे त्याचा चेहरा होता तिथून ते वर गेलं, आणि पुढे जाळीवर, फुलांवर, रस्त्यावर कोसळलं. मामांनी हात आडवा धरला म्हणून त्यांचा चेहरा वाचला. मनगट आणि कोपरापर्यंतची बाही भिजली. ते तोंड उघडं ठेवून मागे मागे सरकत कठड्यावर बसले.

प्रल्हाद रस्त्यावर बसला होता. त्याने दोन्ही हात तोंडासमोर धरले, उलटसुलट करून पाहिले, मग गालांवरून फिरवले. मग वैजूकडे पाहिलं. मला वाटतं आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं. नवऱ्याचं नाव घेतलं. नुसतं नाव, एकेरी, भर रस्त्यात, मामेसासऱ्यांसमोर. ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, "आत्या, आता गं?"

मी तिच्या घसरलेल्या मुंडावळ्या सरळ केल्या. इतकी भीती मला गाडी मागे सरकली तेव्हाही वाटली नव्हती. दरीत पडलो असतो तर सगळे एकदमच पडलो असतो. इथे ती एकटी पडत होती.

सदू पाण्याची कॅन घेऊन धापा टाकत आला. वाफ, पाणी, मामांचा हात, सगळं त्याने एका नजरेत घेतलं आणि कोणाला काही विचारलं नाही. नोकरी टिकवायची म्हणजे काय, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. तो गाडीच्या पुढच्या बाजूला गेला. उकळत्या पाण्याने झेंडूचे हार लोंबून खाली आले होते, थर्मोकोलच्या पाटीचा एक कोपरा वितळला होता. त्याने हार बाजूला केले आणि थबकला.

"ह्ये काय?"

हारांच्या मागे, जाळीवर, चारी कोपऱ्यांना सुतळीने नीट आवळून एक गोणपाट बांधलेलं होतं. सबंध जाळी झाकली होती. इंजिनला ज्या वाटेने वारा लागायचा ती वाटच कोणीतरी बुजवली होती. तापणार नाही तर काय. सदूने सुतळ्या तोडून ते ओढून काढलं. वरच्या कडेला पाणी उडालं होतं तेवढंच, बाकी पोतं तव्यावरच्या पापडासारखं कडक झालं होतं, करपल्याचा वास येत होता.

"म्या जेवाय बसलो तवा लावलं कुणीतरी," सदू म्हणाला. "कुणी लावलं ह्ये?"

"आसंल कुणीतरी," कठड्यावरून मामा म्हणाले. "फुलं कोमेजू नयेत म्हणून. वलं करून."

ओलं करून.

सदूने पोत्याकडे पाहिलं. प्रल्हादने मामांकडे पाहिलं आणि लगेच दरीकडे. ते कडक पोतं बांधताना ओलं होतं हे बांधणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? मामांनाही ते बोलून गेल्यावर कळलं असावं. त्यांची मान खाली गेली. सदू पोत्याची घडी घालत बसला, जणू ते पोतं नसून कोणाचं पागोटं होतं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. कॅनमधलं थोडं पाणी घेऊन पदर भिजवला आणि त्यांच्या मनगटावर धरला. कातडी लाल झाली होती, फोड यायच्या बेतात.

"आत्याबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "नवऱ्याला आसं नाव घिऊन हाक मारल्याली आमच्या घरात आजवर कुणी ऐकली न्हाय."

"आमच्याही घरात नाही."

"मग?"

"मग घरी सांगा की. झाकण काढायला कोणी सांगितलं, तिने हाक कधी मारली, ती मारली नसती तर काय झालं असतं. सगळं सांगा. फक्त अर्धं सांगू नका."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् पोतं?"

"पोत्याचं मी काही विचारलं का?"

त्यांनी हात माझ्या पदरातून सोडवून घेतला. मीही उठले. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या क्षणी वाटलं, कशावरून? धमकीने दबलेला माणूस ती गिळून बसतो का? तो घरी पोचेपर्यंत स्वतःची गोष्ट रचतो, आणि त्या गोष्टीत तो कधीच चुकलेला नसतो. गाडी मुलीकडच्यांनी सजवली असं त्यांनी म्हटलं की संपलं. आमच्या अंगणातच तर सजवली होती. पोतंही आमच्याच भाताच्या कोठीतलं होतं.

सदूने गाडी निवू दिली, पाणी भरलं, उरलेली फुलं, पाटी, सगळं काढून टाकलं. झाकण शोधून बसवलं, टॉवेल भिजवून मामांच्या हाताला गुंडाळला. गाडी निघाली आणि एकाही वळणावर कुरकुरली नाही. घाटमाथा आला, कोयनानगर गेलं, रस्ता सपाट झाला. सदूने टेप लावायला हात पुढे केला आणि परत घेतला. मागे प्रल्हादने खिशातून रुमाल काढला आणि या वेळी वैजूच्या हातात दिला. ती तो नुसता धरून बसली. पुढे मामा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेवरून मला काहीच वाचता येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या त्या गुणाचा राग आला.

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मुहूर्त टळला होता. दारात बायकांची गर्दी, मधे ताराक्का, हातात भाकरतुकड्याचं ताट. मामांसारखंच रुंद कपाळ, मामांसारखीच बघायची सवय. तिने सुनेकडे पाहिलं नाही. आधी गाडीकडे पाहिलं.

"गाडी अशी बोडकी का आणलीसा?"

सवाष्णीच्या दारात तो शब्द पडला आणि बायकांची कुजबुज थांबली. ताराक्काची नजर गाडीवरून भावाच्या हातावर गेली, तिथल्या ओल्या टॉवेलावर. मग तिथून वैजूच्या पायांवर. ती नजर जिथून जिथे गेली ती वाट मी पाहिली.

"फुलं मीच काढाय लावली," बापूमामा म्हणाले. "गाडी तापली हुती."

"आन् हात?"

"भाजला."

"कशानं?"

मामा टॉवेलाची गाठ चाचपत राहिले. प्रल्हाद काही बोलेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं होतं, पण शब्द अजून घाटातच होते. तेवढ्यात ती कोंडी फोडायला म्हणून की काय, एक दूरची नणंद पुढे झाली आणि दारात आडवा हात धरून म्हणाली, वहिनी, नाव घेतल्याबिगर आत सोडायची न्हाय. बायका हसल्या, जरा जास्तच. सगळ्यांना हसायला काहीतरी हवंच होतं.

वैजूला उखाणा पाठ होता. माझ्यासमोर तिने तो पन्नासदा म्हटला होता. तिने मान वर केली, ओठ हलले, आणि आवाज आला नाही. पुन्हा हलले. डोळे भरून आले. मागून कोणीतरी म्हणालं, मुकी हाय का काय? ताराक्काने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि भावाकडे पाहिलं. तूच सांग, आत घ्यायची का, असं ते बघणं होतं. सगळं दार त्यांच्याकडे बघत होतं. मी समईची पिशवी छातीशी धरली.

बापूमामा दोन पायऱ्या चढून वर गेले आणि त्या नणंदेचा आडवा हात त्यांनी भाजलेल्या हातानेच खाली केला.

"तिचं नाव घिऊन झालंय," ते म्हणाले. "घाटात घेतलंय. म्या ऐकलंय. येऊ द्या तिला आत."

ताराक्का भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला त्यातलं काहीच कळलं नव्हतं, हे स्पष्ट होतं. तरी तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, वाकली आणि उंबऱ्यावरचं तांदळाचं माप स्वतःच्या हाताने सरळ केलं.